मुग्धबलाकाच्या नोंदी करताना या चुका टाळा

मुग्धबलाक या करकोच्याच्या चोचीत मधोमध फट असते. तिच्यात गोगलगाय धरून तो अडकित्त्यासारखी फोडतो, असं सर्रास लिहिलं जातं. प्रत्यक्ष काम होतं चोचीच्या टोकाशी, बहुधा पाण्याखाली. पक्षी गोगलगाय चिखलात दाबतो, वरच्या चोचीने शंख रोखून धरतो आणि खालच्या चोचीचं अणकुचीदार, किंचित उजवीकडे वळलेलं टोक शंखाच्या तोंडावरच्या झाकणाच्या कडेने आत सारतो. शंखाला धरून ठेवणारा स्नायू तुटला की मांस बाहेर येतं. शंख बहुतेक वेळा फुटतच नाही! लहान गोगलगाय तो कधी सबंध गिळतो.

म्हणून दुर्बीण फटीवर नको, टोकावर रोखा. ऊन पाठीशी ठेवून एका जागी बसा. डोकं किती वेळ पाण्यात होतं आणि वर आलं तेव्हा चोचीत शंख होता की नुसतं मांस, हे लिहा. काठावर फुटके शंख दिसले म्हणून ते लगेच याच्या नावावर टाकू नका; गुरांच्या खुरांखालीही शंख फुटतात.

फट दिसली नाही म्हणून पक्षी वेगळा ठरवणं ही दुसरी नेहमीची चूक. पिल्लांची चोच सरळ असते, फट वयानुसार पडते. रंगही फसवतो: विणीत पांढराशुभ्र, एरवी राखाडी. पांढऱ्या करकोच्याशी गल्लत होत असेल तर शेपटी बघा. मुग्धबलाकाची काळी, त्याची पांढरी. उडताना मान लांब ताणलेली असेल तर तो बगळा नव्हे.

विणीचं एकच वेळापत्रक देशभर लावू नका. उत्तरेत ती साधारण जुलै ते सप्टेंबर, दक्षिणेत नोव्हेंबर ते मार्च. पश्चिम बंगालमधल्या रायगंजसारख्या घरट्यांच्या मोठ्या वसाहतीत झाडांखाली जाऊन मोजणी करणं तर सरळ नुकसान आहे. पालक उडाले की कावळे अंडी पळवतात आणि उघड्या पिल्लांना ऊन लागतं, कारण एरवी पालक पंख पसरून त्यांच्यावर सावली धरतात. लांबूनच मोजा.

दुष्काळी वर्षी घरटी दिसली नाहीत, तर ‘पक्षी संपले’ असं लिहू नका. अशा वर्षी ते वीण टाळू शकतात, शिवाय पाण्यामागे दूरवर जातात. राजस्थानातल्या भरतपूरला ओळखीसाठी पायात कडी घातलेला एक पक्षी सुमारे 800 किलोमीटर पूर्वेला सापडला आहे. नोंदीत पाण्याची पातळी मात्र अवश्य लिहा.