आजीची सायकल आणि वर्षभराच्या सुट्ट्या: या चुका टाळा

सुट्टीच्या आदल्या रात्री सायकल बाहेर काढायची, टायर अंगठ्याने दाबून 'आहे की हवा' म्हणायचं, फडक्याने धूळ झटकायची आणि सकाळी आजीला हाक मारायची. साठी-सत्तरीतल्या बाईची सायकल सुटते ती बहुधा या घाईतच. दोन दिवसांनी ती गुडघा धरून म्हणते, 'हे काही आता माझं वय नाही,' आणि घरचे समजूतदारपणे मान डोलावतात. त्यात वयाचा दोष थोडा असतो. सीट दोन इंच खाली असते, गिअर जड असतो आणि बेत नातवंडांच्या दमाने आखलेला असतो.

सीट तळाला नेऊन ठेवणे

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, आणि ती होते मायेपोटी. आजीचे दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, म्हणून सीट जाईल तितकी खाली. सीटवर बसल्याबसल्या दोन्ही तळवे सपाट टेकत असतील, तर त्या उंचीवर नीट पॅडल मारताच येत नाही. पॅडल वर आलं की गुडघा पार दुमडतो आणि नेमका तिथूनच जोर लावावा लागतो. तो सगळा दाब गुडघ्याच्या वाटीमागे जातो. मिनिटाला 60 फेरे धरले तर तासाभरात एकेक गुडघा 3600 वेळा असा दुमडतो. संध्याकाळी जिना उतरताना वाटीच्या पुढे कळ येते, ती याचीच.

उंची बघायला पाच मिनिटं लागतात. एकाने सायकल घट्ट धरावी, आजीने रोजचे बूट घालून सीटवर बसावं. पॅडल अगदी खाली आणून त्यावर टाच ठेवायची. कंबर एका अंगाला न कलता पाय सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक उरतो, साधारण 25 ते 35 अंशांचा. तीच उंची. आधी सीट फारच खाली असेल तर एका दिवसात चार सेंटिमीटर वर नेऊ नका. दर दोन फेऱ्यांनंतर 5 मिलिमीटर पुरे. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे. मागून, लवणीत ओढ बसली किंवा पॅडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डोलू लागली तर ती जास्त वर गेली. सीटच्या दांड्यावर एक खूण कोरलेली असते, ती कायम फ्रेमच्या आत राहिली पाहिजे. उंची जमली की दांड्यावर चिकटपट्टीचा एक वेढा मारून ठेवा. नातू सायकल घेऊन गेला आणि सीट वरखाली करून आला, तरी पुन्हा मोजत बसावं लागणार नाही.

'मग थांबताना पाय कुठे टेकायचा?' हा प्रश्न येणारच. उत्तर असं की सीटवर बसून थांबायचंच नाही. वेग मरत आला की एक पॅडल खाली आणायचं, त्यावर भार देऊन सीटवरून पुढे उतरायचं आणि दुसरा पाय जमिनीवर घ्यायचा. निघताना याच्या उलट. दोन्ही ब्रेक दाबलेले, एक पॅडल घड्याळातल्या दोनच्या काट्यावर, ब्रेक सोडून त्यावर पाऊल रोवायचं, सायकल पुढे सरकते आणि त्याच झोकात माणूस सीटवर येतो. मोकळ्या पटांगणात हे वीस वेळा करायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस वेळा. याचा कंटाळा आजीला येत नाही, शिकवणाऱ्याला येतो. 'एवढं काय त्यात, सायकलच तर आहे' म्हणणाऱ्याने शिकवायला जाऊच नये. आत्मविश्वास येईपर्यंत पहिला आठवडा सीट दोन सेंटिमीटर खाली ठेवायला हरकत नाही, मात्र तेवढाच आठवडा.

फ्रेम घ्यायची ती मधली दांडी खाली असलेली, पाय पुढून ओलांडता येईल अशी. कॅरिअरवर पिशवी बांधल्याचं विसरून मागून टांग मारणं आणि बूट पिशवीत अडकून आडवं होणं, हा प्रकार उंच दांडीच्या सायकलींवर ठरलेला.

गादीसारखी मऊ सीट घेऊ नका. बूड आत रुततं आणि दाब नको तिथे येतो. बसायच्या हाडांना पुरेल इतकी रुंद, जराशी कडक आणि जमिनीला समांतर सीट हवी. नाक खाली झुकलं की माणूस पुढे घसरत राहतो, सगळा भार मनगटांवर जातो आणि करंगळीला मुंग्या येतात.

आजी पोचली की लगेच निघणे

ही सीटपेक्षाही वाईट खोड, कारण ती कुणाला दिसतच नाही. सहा जणांचं कुटुंब, 24 किलोमीटरचा बेत, दर चार किलोमीटरला थांबा. पोरं आणि त्यांचा बाप पुढे निघून जातात, झाडाखाली बसतात, पाणी पितात, फोटो काढतात. आठ मिनिटांनी आजी येते. 'आली आजी! चला रे!' आणि सगळे टांग मारून मोकळे. एक पाय टेकवून उभी असलेली आजी बाटलीकडे गेलेला हात मागे घेते, कारण तिला कुणाला खोळंबवायचं नसतं. असे पाच थांबे झाले. पुढच्यांना चाळीस मिनिटं विश्रांती मिळाली, तिला शून्य. विसाव्या किलोमीटरला एक साधं वळण येतं, पाय जड झालेले, वेग चालण्याइतका, आणि ती जागच्या जागी कलंडते. थकलेला सायकलस्वार बहुधा असाच पडतो, वेगात नव्हे तर जवळजवळ उभा असताना. मनगट सुजतं. घरी निकाल ठरलेलाच: आजीला झेपत नाही. सगळ्यात कमी विसावा घेऊन वीस किलोमीटर मारलेल्या बाईबद्दल हा निकाल!

विश्रांतीचं घड्याळ शेवटचा माणूस सायकलवरून उतरला की सुरू करायचं. दहा मिनिटं, आणि 'निघू या' आजीने म्हणायचं. सपाटीवर तिला पुढे ठेवा, पोरं मध्ये, आणि ज्याचे पाय सगळ्यात दमदार तो शेवटी, पंप आणि जास्तीची ट्यूब घेऊन. फाटा आला की सगळ्यांनी थांबायचं, कुणीतरी बरोबर वळेल या भरवशावर राहायचं नाही. वेगाचं माप सोपं आहे. चालवताना आजीला सलग दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. मनगटावरच्या घड्याळातले हृदयाचे ठोके बघून वेग ठरवायचा मोह टाळा. बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके कमी ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ठोके फारसे वाढत नाहीत, धाप मात्र लागते.

हवा, तेल आणि इतर दुर्लक्षित गोष्टी

अंगठ्याने हवा कळत नाही. जाड टायर निम्म्या हवेतही टणक लागतो. किती हवी ते टायरच्या कडेला कोरलेलं असतं. साधारण 37 मिलिमीटर रुंदीच्या टायरला 50 ते 60 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), दोन इंची जाड टायरला 30 ते 40. ट्यूब नुसती उभ्यानेही हवा सोडते, त्यामुळे मापाच्या काट्याचा उभा पंप घ्या आणि दर आठवड्याला भरा. कमी हवेत खड्ड्यात चाक आपटलं की ट्यूब रिममध्ये चिमटून दोन भोकं शेजारी-शेजारी पडतात, साप चावल्यासारखी. अशी जोडभोकं दिसली की काटा शोधत बसू नका, हवाच कमी होती. वर्षभर पडून राहिलेल्या टायरच्या कडेला बारीक भेगा असतील तर तो बदला. त्यात हवा भरून 'बघू किती टिकतो' हे घराजवळ ठीक, सुट्टीत नाही.

चेनवर तेल ओतू नका. प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब, पॅडल उलटं फिरवायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि बाहेरचं सगळं तेल फडक्याने पुसून काढायचं. तेल आत हवं, बाहेर राहिलं तर धूळ धरतं आणि ती धूळ कानशीसारखी चेन खाते. गंज सोडवणारा फवारा म्हणजे वंगण नव्हे.

गिअर चढ सुरू व्हायच्या आधी हलका करा. चढावर पॅडलवर उभं राहून खटका दाबला की चेन कडकडते, कधी उतरते. मिनिटाला 60 ते 80 फेरे, पाय हलके.

सैल पायजम्याचा उजवा पाय आणि बुटाची लोंबती नाडी चेनमध्ये जाते. पट्टी बांधा, नाडी आत खोचा.

पॅडलबद्दल दोन शब्द, कारण गाडीत सायकल बसेना म्हणून ती काढणारे दर सुट्टीत आटे घालवतात. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. दोन्हीकडे एकच लक्षात ठेवा: पाना पॅडलवर वरच्या दिशेने उभा लावून सायकलच्या मागच्या चाकाकडे ओढला की सुटतं, पुढच्या चाकाकडे ओढला की आवळतं. बसवताना आट्यांना ग्रीस लावा, दांड्यावरचं एल आणि आर वाचा आणि पहिले तीन-चार फेरे बोटांनीच फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर आटे वाकडे बसताहेत. तिथे पाना लावून जोर करणाऱ्याला क्रँक, म्हणजे पॅडल ज्यात बसतं तो दांडा, नवा घ्यावा लागतो.

भाड्याची सायकल आणि ई-सायकल

परक्या ठिकाणी सायकल ताब्यात घेतल्यावर आधी ब्रेक बघा. भारतात आणि ब्रिटनमध्ये उजवा लिव्हर बहुधा पुढच्या चाकाचा, अमेरिकेत आणि युरोपच्या बहुतेक देशांत डावा. सवयीने 'मागचा' म्हणून जोरात दाबला आणि तो पुढचा निघाला तर माणूस हँडलवरून जातो. नेदरलँड्स, जर्मनीकडच्या काही सायकलींना मागचा ब्रेक लिव्हरवर नसतोच, पॅडल उलटं दाबलं की लागतो. तिथे निघण्याआधी पॅडल मागे फिरवून सोयीच्या जागी आणायची सवय कामाची नाही. आवारात दहा चकरा मारल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये, मागे कितीही जण ताटकळत असले तरी.

ई-सायकल आजीसाठी उत्तम, पण तिचं वजन 20 ते 25 किलो असतं हे घेणारे विसरतात. चालवताना ते जाणवत नाही, थांबल्यावर कलली की सावरत नाही. सिग्नलला एक पाऊल पॅडलवर टेकवून उभं राहिलं तर काही ई-सायकली तेवढ्या दाबानेही मोटर सुरू होऊन पुढे झेपावतात. म्हणून थांबल्यावर दोन्ही ब्रेक दाबलेले, पाऊल पॅडलवर नाही, मोटरच्या मदतीची पातळी सगळ्यात खालची. चढावर ढकलायची वेळ आली तर चालताना ओढणारी सोय असते, ती वापरायला शिका. गाडीच्या मागच्या रॅकवर चढवायच्या आधी रॅक किती वजन झेलतो ते वाचा आणि बॅटरी काढून आत ठेवा. विमानाचा बेत असेल तर ही बॅटरी घरीच राहील. प्रवाशाला 160 वॉट-अवर क्षमतेच्या वरची लिथियम बॅटरी नेता येत नाही आणि ई-सायकलची साधारणपणे 300च्या पुढेच असते.

नातवंडाला खुर्चीत बसवून सायकल स्टँडवर उभी करून वळू नका, क्षणभरही नाही. मागच्या खुर्च्या 22 किलोपर्यंत, पुढच्या 15 किलोपर्यंतच असतात आणि एवढं वजन उंचावर बसलं की स्टँड हा आधार राहत नाही. उतरवताना आधी मूल, मग पिशव्या. चढवताना मूल सगळ्यात शेवटी. आजीला रिकाम्या सायकलवर सफाईने थांबता येत नसेल तर खुर्ची तिच्या सायकलवर नकोच, आईबापांच्या सायकलवर लावा.

शरीराच्या बाबतीत

उतारवयात तहान उशिरा लागते, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन घोट, तहान असो-नसो. लघवीच्या गोळ्या चालू असतील तर सुट्टीआधी डॉक्टरांना विचारून घ्या. मधुमेहाचं औषध असेल तर खिशात साखर किंवा ग्लुकोज, बॅगेत नव्हे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाचं डोकं आपटलं तर 'काही झालं नाही' म्हणून पुढे निघायचं नाही, दवाखान्यात जायचं. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर, आणि एकदा आपटलेलं पुन्हा वापरायचं नाही. दुहेरी नंबरच्या चष्म्यातून खाली बघितलं की जमीन जवळ आल्यासारखी वाटते आणि उतरताना पाऊल चुकतं. लांबचं बघायचा साधा चष्मा वेगळा ठेवा. मान वळत नसेल तर उजव्या-डाव्या हँडलवर आरसा लावा, मान वळवायचा हट्ट नको.

सुट्टीपुरतीच सायकल

वर्षात तीन-चार सुट्ट्या आणि मधले महिने सायकल भिंतीला. मग पहिल्याच दिवशी चाळीस किलोमीटर! सुट्टीतला सगळ्यात लांब दिवस गेल्या महिन्यातल्या सगळ्यात लांब फेरीच्या दीडपटीपेक्षा मोठा नको, असा नियम ठेवावा. महिन्याभरातली सगळ्यात लांब फेरी बारा किलोमीटरची असेल तर सुट्टीत एका दिवसात फार तर अठरा, आणि तिसरा दिवस सायकलविना. मधल्या काळात आठवड्याला दोनदा अर्धा तास पुरतो. सायकलने हाडांवर भार येत नाही, म्हणून हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर चालणं आणि हलकी वजनं सायकलच्या जोडीला चालू ठेवावी लागतात.

शेवटच्या सुट्टीहून आल्यावर चेन पुसा, तेल द्या, टायरमध्ये हवा भरून सायकल टांगा किंवा चाकं महिन्यातून एकदा अर्धा फेरा फिरवा, म्हणजे टायर एकाच जागी बसणार नाही. ई-सायकलची बॅटरी अर्धी भरून कोरड्या जागी ठेवा, पूर्ण भरून नाही आणि पूर्ण रिकामीही नाही. आणि सीटच्या दांड्यावरची चिकटपट्टी तशीच राहू द्या.