ताट वाढून येत नाही: कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजातलं पहिलं वर्ष

2012 च्या जुलैमध्ये मला एका कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं करून पुढे विद्यापीठात जाता येतं अशा सरकारी कॉलेजच्या, तळघरातल्या खोलीत संगणकासमोर बसवलं. खिडकीतल्या बाई हसून म्हणाल्या, "छोटीशी परीक्षा आहे, पास-नापास काही नाही." मी सांगली जिल्ह्यातली बी.कॉम., मराठी माध्यमाची, नवऱ्यामागून एच-4 व्हिसावर सॅन होजेला येऊन वर्ष झालेलं. पास-नापास नाही म्हटल्यावर तयारी कोण करतो? समोर अपूर्णांकांचे भागाकार, वर्गमूळं आणि 'स्लोप' काढा. स्लोप म्हणजे आपला रेषेचा चढ, हे मला घरी गेल्यावर कळलं. 'रेसिप्रोकल' म्हणजे गुणाकार व्यस्त, हेही. शाळेत दोन्ही आलेलं होतं, फक्त या नावांनी कधी भेटलं नव्हतं.

पाऊण तासाने छापील कागद हातात आला: एलिमेंटरी अल्जेब्रा. म्हणजे आपलं आठवी-नववीचं बीजगणित. मला हवं होतं स्टॅटिस्टिक्स. त्याआधी दोन वर्ग, प्रत्येकी 5 युनिटं (म्हणजे श्रेयांक), एका युनिटला 46 डॉलर. त्यातलं एकही युनिट पुढे विद्यापीठात धरलं जाणार नव्हतं. बाईंची ती छोटीशी परीक्षा मला 460 डॉलर आणि एक अख्खं वर्ष अशी पडली. मी भांडले नाही. संगणकाने सांगितलं म्हणजे बरोबरच असणार, असं वाटलं. शिवाय नव्या देशात आल्या आल्या भांडायचं कुणाशी?

2015 च्या मे महिन्यात काही एच-4 वाल्यांना कामाचा परवाना मिळू लागला, त्यात मी बसले. तेव्हापासून कम्युनिटी कॉलेजातच काम करते. काउन्सेलर नव्हे, काउन्सेलरची वेळ मिळेपर्यंत विद्यार्थी ज्या टेबलाशी येतो, त्या टेबलावर. पहिल्या काही महिन्यांत तिथे एक अहवाल वाचनात आला आणि तळघरातली ती खोली पुन्हा डोळ्यांसमोर उभी राहिली.

न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये 1996 पासून कम्युनिटी कॉलेजांवर संशोधन करणारं एक केंद्र आहे. त्यांनी अशा प्लेसमेंट परीक्षांचे, म्हणजे कुणाला कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणाऱ्या परीक्षांचे, निकाल आणि त्याच मुलांचे शाळेतले गुण शेजारी ठेवून पाहिले. गणितात साधारण चारातल्या एकाला आणि इंग्रजीत तिघांतल्या एकाला साफ चुकीच्या वर्गात टाकलं जात होतं, आणि जास्त चुका खाली टाकण्याच्या होत्या. म्हणजे जो वर जाऊन सहज पास झाला असता, त्यालाच खाली बसवायचं.

याहून मला लागलं ते दुसरं निरीक्षण. त्याच केंद्रातल्या थॉमस बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दाखवलं की या खालच्या वर्गांची साखळी पार करणारे निम्म्याहूनही कमी. बाकीचे नापास होऊन गेले असतील, असं कुणालाही वाटेल. पण नापास होऊन किंवा वर्ग सोडून गेलेल्यांपेक्षा पहिल्या किंवा पुढच्या वर्गात नावच न घातलेले जास्त निघाले! पहिला वर्ग पास, मग सुट्टी, मग कुणाचं बाळंतपण, कुणाची शिफ्ट बदलली, आणि दुसऱ्या वर्गाची नोंदणी राहूनच गेली. माझ्या एलिमेंटरी अल्जेब्राच्या वर्गात शेजारी बसणारी फिलिपिनो बाई माझ्यापेक्षा हुशार होती. तिला ए मिळाला. पुढच्या सेमिस्टरला ती दिसली नाही.

तुम्ही आज येणार असाल तर हा खड्डा बराचसा बुजलाय. कॅलिफोर्नियाने 2017 मध्ये एबी 705 नावाचा कायदा केला. 2019 पासून कॉलेजांना मुलांना थेट ट्रान्सफरच्या पातळीवरच्या, म्हणजे पुढे विद्यापीठात धरल्या जाणाऱ्या, गणित-इंग्रजीत बसू द्यावं लागतं, आणि गरज असेल त्याला जोडीला मदतीचा तास देतात. 2022 च्या एबी 1705 ने तो आणखी आवळला. खरी अडचण आता आपल्याच माणसांची आहे. इथल्या शाळेचे गुण नसले की बहुतेक ठिकाणी चार प्रश्न विचारून निवड तुमच्यावर सोपवतात, आणि आपण म्हणतो, "उगाच कशाला, सोप्यापासून सुरू करू." करू नका. मदतीचा तास मागून घ्या, पण वरच्याच वर्गात बसा.

आता पैशांचं, कारण इथे एका तारखेने हजारो डॉलरचा फरक पडतो. 46 डॉलरचा दर कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी आहे. बाहेरच्यांना त्यावर युनिटमागे काही शे डॉलर जादा पडतात. रहिवासी ठरायला सेमिस्टर सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत इथे एक वर्ष आणि एक दिवस पूर्ण लागतो, आणि इथेच राहायचा इरादा कागदांवर दिसावा लागतो. एच-4 वर हे जमतं, विद्यार्थी म्हणून एफ-1 वर आलात तर जमत नाही. म्हणून उतरल्यापासूनच घराच्या करारावर स्वतःचं नाव घाला, बँकेत खातं उघडा, ड्रायव्हिंग लायसन्स काढा. "सगळं यांच्याच नावावर आहे" म्हणत खिडकीवरून परत गेलेल्या आपल्या वहिन्या मी मोजणं सोडून दिलंय.

विषय निवडायची गोष्ट थोडी लांबणीची आहे. बेलींच्याच मंडळींनी 2015 मध्ये या कॉलेजांना 'कॅफेटेरिया' म्हटलं: शेकडो वर्ग मांडलेले, ज्याला जे हवं ते त्याने उचलावं. आपण खानावळीतली माणसं. भारतात एफ.वाय.ला प्रवेश घेतला की ताट वाढून येतं, कोशिंबिरीपासून ताकापर्यंत. काय खायचं हा प्रश्नच नसतो. इथे रिकामा ट्रे हातात देतात. मी पहिल्याच सेमिस्टरला सिरॅमिक्स घेतलं, कारण वेळ सोयीची होती. मातीचा एक वाकडा वाडगा अजून घरी आहे, त्यात लसूण ठेवते. त्या वर्गाची युनिटं माझ्या ट्रान्सफरच्या यादीत कुठेच बसली नाहीत.

देशभरात कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांपैकी 80 टक्क्यांच्या आसपास मुलांना पुढे बॅचलर्स करायचं असतं. ट्रान्सफर होतात तिसरा हिस्सा, आणि सहा वर्षांत पदवी हातात पडते ती साधारण सहातल्या एकाला. त्यामुळे आता बरीच कॉलेजं 'गाइडेड पाथवेज' करतात, म्हणजे विषयवार आखून दिलेला रस्ता. पण तो रस्ता वेबसाइटवर असतो, तुमच्या हातात कुणी आणून देत नाही. पहिल्या महिन्यातच काउन्सेलरकडून 'एज्युकेशन प्लॅन' लिहून घ्या. कुठल्या वर्गाची युनिटं कुठलं विद्यापीठ धरतं, हे 'असिस्ट' नावाच्या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. वर्ग घेण्याआधी ते उघडा, नंतर नाही. सीएसयूकडे (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) जायचं असेल तर 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर' ही कम्युनिटी कॉलेजातली पदवी घ्या, त्यात तिथल्या कुठल्या तरी कॅम्पसमध्ये जागेची हमी असते. यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा कॅम्पसची अटी पाळल्या तर प्रवेशाची हमी देणारी योजना आहे. बर्कली आणि लॉस एंजेलिस तिच्यात नाहीत. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे पुढचे वाद टळतात.

भारतातल्या मार्कशीटचं मूल्यांकन बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. त्याला वेळ लागतो, लवकर पाठवा. याहून जास्त त्यात काही नाही.

मदत मागण्यावर मात्र मी कितीही बोलू शकते. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 2007 मध्ये 'असॅप' नावाचा कार्यक्रम सुरू केला: पूर्णवेळ शिकायची अट, आणि बदल्यात फीमधली तूट भरून देणं, पुस्तकं, मेट्रोकार्ड आणि आपला असा एक सल्लागार. एमडीआरसी या संस्थेने चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची दोन गटांत विभागणी करून तपासलं. तीन वर्षांत पदवी घेणारे नेहमीच्या गटात 22 टक्के, असॅपमध्ये 40. ओहायोतल्या कॉलेजांनी तोच प्रयोग केला, तिथेही आकडा जवळजवळ दुप्पट झाला. माझ्या मते खरं काम त्या सल्लागाराने केलं. असॅपमध्ये एका सल्लागारामागे 60 ते 80 मुलं होती. इतरांच्या वाट्याला 600 पासून 1500 पर्यंत मुलांमागे एक. 60 मुलं असली की कोण आलं नाही ते सल्लागाराला कळतं आणि तो स्वतः फोन करतो. खर्च माणशी जास्त होतो, पण एका पदवीमागे हिशेब केला तर कमीच पडतो. तरीही अशी व्यवस्था थोड्याच ठिकाणी आहे. बाकी ठिकाणी धोरण एकच: तुम्ही विचारायचं.

आणि विचारणं आपल्याला जड जातं. मास्तरांच्या खोलीत जायचं म्हणजे काहीतरी चुकलंय, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे 'ऑफिस अवर्स' म्हणजे प्रोफेसरने तुमच्यासाठी राखून ठेवलेला वेळ. सिलॅबसच्या पहिल्याच पानावर दिलेला असतो. झेपत नसेल तर वर्ग सोडायच्या दोन तारखा असतात: पहिलीच्या आत सोडलात तर नोंद राहत नाही, दुसरीच्या आत सोडलात तर ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजच्या गुणपत्रकावर) 'डब्ल्यू', म्हणजे वर्ग सोडल्याची खूण, लागतो. दोन्ही कॅलेंडरवर लिहा. नुसतं जाणं बंद केलंत तर एफ लागतो. वर्ग भरलेला असेल तर वेटलिस्टवर राहून पहिल्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन बसा; कुणी ना कुणी येत नाहीच, आणि प्रोफेसर ॲड कोड, म्हणजे नोंदणीसाठीचा क्रमांक, देतात.

गेल्या ऑगस्टमध्ये नाशिकच्या एक वहिनी टेबलाशी आल्या. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये दहावीपासूनची गुणपत्रकं. "ताई, मला खालचं गणित द्या, माझं लग्नाआधीचं शिक्षण आहे." आम्ही वीस मिनिटं वाद घातला, मराठीत, मागे रांग लागलेली. शेवटी थोड्या रुसूनच त्यांनी स्टॅटिस्टिक्स आणि मदतीचा तास घेतला. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा मेसेज आला: "ऑफिस अवर्सला जाऊन आले. सरांनी अर्धा तास दिला, मी एकटीच होते. वर्गात पस्तीस जण आहेत, बाकीचे जातात कुठे हो?"