ग्रासकटर टांगून ठेवण्याआधी टाकी रिकामी करा

कलमांच्या बागेतली बेणणी (गवत-झुडपं काढणं) उरकली की ग्रासकटर तसाच पडवीत टांगू नका. इंजिन थंड झाल्यावर टाकीतलं पेट्रोल काढा, मग आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरही (इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) रिकामा होतो. पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं, आणि आपल्या किनाऱ्यावर ओलाव्याला काय तोटा! गेल्या वर्षी मी कंटाळा केला. कार्बोरेटर उघडला तर आत चिकट थर, जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक) पार बुजलेला.

टू-स्ट्रोक इंजिन असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, तेही मापानेच. पुस्तिकेत पेट्रोल-ऑइलचं प्रमाण 50:1 असेल तर लिटरभर पेट्रोलला 20 मिली ऑइल, 25:1 असेल तर 40. महिनाभर पुरेल एवढंच मिसळा. पात्यावर तेलाचा हात फिरवा, खारी हवा लोखंड खाते.