सोया सॉसमध्ये मुरवलेली अंडी: रात्री टाका, सकाळी खा

इंदूरमध्ये अंडं म्हटलं की छप्पन दुकान या खाऊगल्लीतला बेंजो आठवतो. तव्यावर आम्लेट, लगेच पावात, आणि काम तमाम. ही अंडी त्याच्या अगदी उलट स्वभावाची आहेत. चीन-तैवानकडे उकडलेली अंडी सोया सॉस आणि खड्या मसाल्याच्या पाण्यात मुरत ठेवतात. बाहेरून चहाच्या रंगाची, आतून मऊ, आणि कापली की चक्रीफुलाचा वास. खडा मसाला सियागंज बाजारात सुटा मिळतो, निम्मा तर घरातच असतो.

आठ अंड्यांना तीन कप पाणी, अर्धा कप सोया सॉस, दोन मोठे चमचे गूळ, एक चक्रीफूल, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, दोन तमालपत्रं, आठ-दहा मिरी, आल्याच्या चार चकत्या आणि ठेचलेल्या चार लसूणपाकळ्या. चमचाभर चहापत्ती फडक्यात बांधून टाकली तर रंग छान येतो. मीठ अजिबात नको, सोया सॉसमध्ये ते भरपूर असतं. चक्रीफूल नसेल तर चमचाभर बडीशेप घाला. दोन्हींतला मुख्य सुगंध एकाच द्रव्याचा असतो. पातेलं उभट आणि लहान घ्या, म्हणजे थोड्या पाण्यातही अंडी बुडतात. अंड्याचं भांडं वेगळं ठेवणारी घरं आपल्याकडे अजून आहेत; तिथे एवढंच सांगा की शिजताना वास फक्त मसाल्याचा येतो. झाकण उघडेपर्यंत आजी काही बोलणार नाही.

अंडी आजच आणलेली नकोत, चार-आठ दिवसांची बरी. ताज्या अंड्याचा पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून असतो आणि सोलताना टवके निघतात. दिवस जातात तसा कवचाच्या छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पांढऱ्याची आम्लता कमी होते आणि ती पकड सुटते. पाणी आधी खळखळू द्या, मगच झाऱ्याने अंडी अलगद सोडा. गार पाण्यात घालून चढवलेली अंडी सोलायला त्रास देतात.

साधारण नऊ मिनिटं पुरतात. मात्र मुंबईच्या कुणाची रेसिपी बघून घड्याळ लावत असाल तर अर्धा मिनिट जास्त धरा. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंच आहे, इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. वेळ झाली की अंडी थेट बर्फाच्या पाण्यात. तशीच गरम राहिली तर पिवळ्याभोवती हिरवट कडा धरते. पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह यांची ती करामत. खायला अपाय नाही, पण दिसायला वाईट. सोलायला जाड बाजूने सुरुवात करा, तिथे हवेची पोकळी असते.

अंडी गार होताहेत तोवर मसाल्याचं पाणी झाकण ठेवून दहा मिनिटं उकळून घ्या. मग गॅस बारीक करून सोललेली अंडी सोडा. खरी गोम इथे आहे. चव लवकर उतरावी म्हणून लोक अंडी तासभर रटरटवतात आणि पांढऱ्याचं रबर होतं. उष्णता मिळत राहिली की त्यातली प्रथिनं आवळत जातात आणि आतलं पाणी पिळून काढतात. तैवानमधल्या तामसुईची ‘लोखंडी अंडी’ मुद्दाम अशीच करतात, पुन्हा पुन्हा शिजवून आणि वाळवून, काळीभोर आणि चिवट. आपल्याला मऊ हवीत. पाण्यावर अधूनमधून एखादा बुडबुडा येईल एवढीच आच ठेवा, दहा मिनिटांनी गॅस बंद. पुढचं काम वेळेचं. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून निववा आणि अंडी रश्श्यासकट फ्रिजमध्ये टाका. मे महिन्यात रात्रभर ओट्यावर ठेवण्याचा विचारही नको.

सकाळी एक दोऱ्याने कापून पाहा, सुरीला पिवळं चिकटतं. कडेला तपकिरी पट्टा उतरलेला दिसेल. दुसऱ्या दिवशी तो आणखी आत जातो, आणि माझ्या मते खरी चव तेव्हाच लागते. तीन-चार दिवसांत संपवा. गरम भात, वर अर्धं अंडं आणि दोन चमचे रस्सा, एवढं पुरे. इंदुरी हात सवयीने जिरावन या आंबट-खारट मसाल्याच्या डबीकडे जाईलच, त्याला आवरा. खारटपणा आधीच आहे, वर त्यातला आमचूर पडला की चक्रीफुलाचा पत्ताच लागत नाही.

रस्सा फेकू नका. गाळून, खळखळून उकळून, गार झाल्यावर बरणीत भरून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. पुढच्या खेपेला त्यात कपभर पाणी, थोडा सोया सॉस आणि ताजं आलं घातलं की झालं. अंड्यांची खेप संपली की त्याच रश्श्यात बटाटे शिजवा, पण ते मीठ फार ओढतात, म्हणून पाणी सढळ हाताने वाढवा.