रोज चाळीस ब्लॉग उघडून बघू नका, फीड लावा

मराठी ब्लॉग वाचायचं मला वेड आहे. कोणी महिन्यातून दोनदा लिहितं, कोणी वर्षातून एकदा. पूर्वी सकाळच्या चहाबरोबर चाळीसेक बुकमार्क एकेक करून उघडायचे आणि बहुतेक ठिकाणी जुनाच लेख समोर यायचा. फीड लावल्यापासून ते हेलपाटे संपले.

फीड म्हणजे साइटने स्वतःच ठेवलेली ताज्या लेखांची यादी. फीड रीडर ती अधूनमधून तपासतो आणि नवं काही असलं की तुमच्यापुढे ठेवतो. आरएसएस आणि ॲटम असे दोन प्रकार दिसतील, दोन्ही चालतात.

मोबाइलवर फीडली किंवा इनोरीडर घ्या. मी लॅपटॉपवर थंडरबर्ड वापरते, कारण माझी मेलही तिथेच येते. त्यात फीडसाठी वेगळं खातं उघडायचं आणि फीडचा पत्ता पेस्ट करायचा. बरेच रीडर नुसत्या साइटच्या पत्त्यावरून फीड शोधतात. नाही सापडलं, तर वर्डप्रेसच्या साइटला पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहा. ब्लॉगरवर ‘फीड्स’, ‘पोस्ट्स’, ‘डिफॉल्ट’ हे तीन शब्द, प्रत्येकाआधी तिरकी रेघ. ब्राउझरमध्ये टोकदार कंसांनी भरलेलं पान उघडलं तर घाबरू नका, तेच फीड. वरचा पत्ता तेवढा उचला.

एक गोष्ट मला ठेच लागल्यावर कळली. गणपतीला तीन आठवडे गावी गेले, लॅपटॉप घरीच बंद. परत येऊन पाहते तर रोज लिहिणाऱ्या एका साइटचे मधले लेख गायब! वर्डप्रेसच्या फीडमध्ये, मालकाने आकडा बदलला नसेल तर, शेवटचे १० लेखच असतात. थंडरबर्ड बंद असताना जे त्या यादीतून बाहेर पडलं, ते त्याला दिसलंच नाही. तेव्हापासून रोज लिहिणाऱ्या साइट मी इनोरीडरमध्ये ठेवते. माझं यंत्र बंद असलं तरी इनोरीडरच्या सर्व्हरवर लेख जमा होत राहतात.

रीडरमध्ये लावलेल्या सगळ्या फीडच्या यादीची ओपीएमएल फाइल काढून स्वतःला मेल करून ठेवा; ती दुसऱ्या रीडरमध्ये टाकली की सगळी यादी तिथे येते. १ जुलै २०१३ला गूगल रीडर बंद झाला, तेव्हा अशीच फाइल घेऊन लोक दुसऱ्या रीडरकडे गेले.

यादी फुगली की धो धो लिहिणारे आधी काढा, गप्प बसलेले मुळीच काढू नका. माझ्या यादीत एक ब्लॉग दोन वर्षं निपचित होता. परवा त्याचं नाव ठळक झालं, पुढे कंसात एक. चहा गार झाला, पण लेख पुरता वाचूनच उठले.