थ्रीडी सोनोग्राफीला येताना

आधी तारीख नीट ठरवा. बाळाचा चेहरा साधारण 26 ते 30 आठवड्यांत छान दिसतो. त्याआधी अंगावर मांस नसतं, चेहरा हाडकुळा दिसतो आणि आया घाबरतात. पण चेहऱ्याच्या नादात 18 ते 20 आठवड्यांतली अ‍ॅनोमली स्कॅन (बाळात काही दोष आहे का ते बघणारी सोनोग्राफी) पुढे ढकलू नका. मी सोनोग्राफी सेंटरवर सिस्टर आहे. "दोन्ही एकदमच करू ना सातव्या महिन्यात" असं म्हणणाऱ्यांना मी अक्षरशः हात जोडते. हृदयाचे कप्पे, मूत्रपिंडं, मेंदू हे सगळं डॉक्टर साध्या काळ्या-पांढऱ्या टूडीतच तपासतात; थ्रीडी चित्र कॉम्प्युटर तशाच अनेक टूडी चित्रांवरून उभं करतो. मोठा दोष निघाला आणि 24 आठवडे उलटून गेले असले, तर गर्भपाताचा निर्णय मेडिकल बोर्डाकडे, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीकडे, जातो. म्हणून वेळ हातात हवा.

डॉक्टर स्वतःहून थ्रीडी लावतात ते ओठ, मणका, पाऊल यांबद्दल शंका आली तर. एकदा दुभंगलेला ओठ दिसला तेव्हा मॅडमनी स्क्रीन आईकडे वळवली. ती बराच वेळ बघत राहिली, मग विचारलं, "दूध कसं पिणार हो?" तिथून बोलणं सुरू झालं: पाजायची पद्धत, तीन ते सहा महिन्यांचं झालं की होणारं ऑपरेशन. नुसत्या रिपोर्टवर ती हे विचारू शकली नसती. काही डॉक्टर थ्रीडीला निव्वळ हौस म्हणतात. मला तसं वाटत नाही. जांभई देणारं बाळ बघून बाईचा चेहरा कसा खुलतो, ते मी रोज बघते.

येताना पोटभर खाऊन या. डॉक्टरांची चिठ्ठी, आधार कार्ड, जुने रिपोर्ट बरोबर आणा. फॉर्म एफवर (गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी कायद्याने भरायचा फॉर्म) सही करावी लागते, ती वाचून करा. मुलगा की मुलगी, हे आडून आडूनही विचारू नका, सासूबाईंनाही घरीच सांगून ठेवा; 1994 च्या कायद्याने विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे. तपासणी नोंदणी असलेल्या सेंटरवरच करा.

बाळाने तोंडावर हात धरला, पाठ फिरवली, बाळाभोवतीचं पाणी कमी असलं किंवा वार (प्लॅसेंटा) पुढच्या बाजूला असली, तर चेहरा दिसत नाही. नुसता चेहरा दिसला नाही यात काळजी करण्यासारखं बहुतेक वेळा काही नसतं. जरा चालून या, कुशीवर वळा, पुन्हा बघू. तरी नाही दिसला तर हट्ट धरू नका, फोटोसाठी उगाच जास्त वेळ पोटावर प्रोब (सोनोग्राफीचा दांडा) फिरवत राहणं डॉक्टरांनाही पटत नाही. आणि मिळालेला फोटो लॅमिनेट करू नका. तो थर्मल कागद असतो, उष्णतेने काळा पडतो. घरी गेल्यावर लगेच मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा.