चुलीतला विस्तव सकाळपर्यंत कसा राखावा

रात्रीच्या भाकरी उरकल्या की उरलेल्या निखाऱ्यांवर पाणी मारून मोकळं होता येतं. पण तेच नीट झाकले तर सकाळच्या चहाला काडेपेटी लागत नाही. त्यासाठी चुलीत रात्री भरपूर लाकूड कोंबायला हवं, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात विस्तव टिकतो तो राखेवर.

म्हणून चूल रोज खरवडून लख्ख करू नका. तळाशी तीन-चार बोटं कोरडी, बारीक राख कायम असू द्या. राख धग धरून ठेवते आणि निखाऱ्याला हवा बेताचीच मिळू देते. मग तो भडकत नाही, नुसता धुमसत राहतो. भांड्यांना राख हवी असेल तर वरवरची घ्या.

जळणाचं म्हणाल तर तुराट्या, पऱ्हाट्या, चिपाडं यांचा जाळ भाकरीला झकास, पण मागे निखारा म्हणून काही उरत नाही. सावर, पांगारा यांचंही तेच. रात्रीसाठी बाभूळ, खैर, चिंच असं घट्ट लाकूड हवं, तेही पावसाळ्याआधी फोडून, वाळवून आडोशाला रचलेलं. ओल्या लाकडाची बरीच धग स्वतःतलं पाणी उडवण्यातच जाते. बाभळीची गाठ सगळ्यात उत्तम. ती फोडताना कुऱ्हाडवाला शिव्या घालतो, पण न फुटणारी गाठच रात्रभर पुरते.

स्वयंपाक आटपायच्या अर्धा तास आधी मनगटाएवढा एक जाड तुकडा आत सारा. जेवणं होईस्तोवर त्याचा रसरशीत निखारा होतो. जाळ पुरता बसल्याशिवाय झाकायची घाई करू नका. अर्धवट जळलेली, धूर सोडणारी कोलितं बाहेर काढून मातीत विझवा. ती राखेखाली गेली तर घरभर धूर होतो.

आता उलथन्याने सगळे निखारे चुलीच्या मागच्या बाजूला एकत्र ओढा. ते एकमेकांना चिकटून हवेत. सुटा पडलेला निखारा लवकर काळा पडतो. कडेला वाळलेल्या गोवरीचा तुकडा टेकवा. गोवरी सावकाश, आतल्या आत जळते. वरून दोन-तीन बोटं कोरडी राख पसरा, पण थापून दाबू नका. कुठूनही लाल दिसता कामा नये. वर वीतभर अंतरावर तळहात धरला तर ऊब लागावी, चटका नको. चटका बसला तर आणखी राख घाला.

सकाळी राख अलगद बाजूला करा, निखाऱ्यावर नारळाची शेंडी किंवा चुरगळलेली चिपाडं ठेवा आणि फुंकणीने लांब, हलकी फुंकर घाला. जोरात फुंकलं तर राख डोळ्यांत जाते. शेंडी पेटली की काटक्या, मग लाकूड.

विस्तव मेला असेल तर राख उकरून बघा. सगळं पांढरं झालं असेल तर हवा जास्त लागली. पुढच्या खेपेला राखेचा थर वाढवा. काळे कोळसे तसेच पडले असतील तर विस्तव गुदमरला, नाहीतर राख दमट होती.

एका बाबतीत मात्र हयगय नको. झाकलेल्या विस्तवातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद खोलीत तो झोपेतच जीव घेतो. चुलीच्या खोलीत कुणी निजू नये, आणि तिथली खिडकी किंवा धुराडं उघडं हवं. थंडी आहे म्हणून निखारे शेगडीत भरून निजायच्या खोलीत तर मुळीच नेऊ नका.

काढलेली राखही फसवी असते. वरून गार लागली तरी दुसऱ्या दिवशीसुद्धा तिच्या पोटात निखारा जिवंत सापडतो. ती प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा कडब्याच्या गंजीजवळ टाकू नका. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात दोन-तीन दिवस राहू द्या, मग परसातल्या झाडांना घाला.